न संपलेला संप

(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका जुन्या गिरणी कामगाराने केलेले भाषण. बोलले तसे उतरवून घेतले आहे. मधे विचारलेले प्रश्नही ठेवले आहेत.)



मला ८२ सालच्या गिरणी संपाबद्दल बोलायला सांगितलं आहे.  मालक कसे वागले, सरकार कसं वागलं हे तुम्ही पुष्कळांकडून ऐकलं असेल. तेही सांगेन, पण थोडक्यात. मला जास्त बोलायचं आहे ते आमच्या-आमच्यात काय झालं त्यावर. एका खोलीत झोपणारी, एका पंगतीला जेवणारी माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. अजून झालेली आहेत. आमच्याकडे ह्यावर कोणी भाषण करत नाही. संपाची आठवण म्हणून दर वर्षी १८ जानेवारीला सभा होते, घोषणा होतात, पण हा विषय कोणी काढत नाही.

आधी गाळा म्हणजे काय ते सांगतो. तुमच्यातले बरेच जण मुंबईकडे आले तरी वीटभट्टीच्या नाहीतर रेतीच्या कामाने वसई-भिवंडीपर्यंतच येतात, आत शिरत नाहीत. आत लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, नायगाव आणि दादरचा काही भाग, ह्या सगळ्याला मिळून गिरणगाव म्हणतात. साठेक कापड गिरण्या होत्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. बरेचसे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे ह्या जिल्ह्यांतले. उत्तर प्रदेशातले होते, तेलंगणातले विणकर होते. पगारात मुंबईत घर परवडत नसे, म्हणून बायका-पोरं गावी आणि पुरुष मुंबईला. एका गावच्या पुरुषांनी मिळून चाळीत एक खोली घ्यायची, तिला गाळा म्हणायचे. माणसं २०-२५. एवढी माणसं एका वेळी तिथे झोपूच शकत नाहीत, पण गिरणी तीन पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागेवर पाठ टेकायचा. सतरंजी गार व्हायची नाही.

प्रत्येकाला एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. खुंटी म्हणजे आमचा सातबारा समजा. आजाची खुंटी बापाला आणि बापाची पोराला मिळायची. नोकरीसुद्धा तशीच. भाऊ, मामा, गाववाला जॉबरला सांगायचा, आणि पोरगा आधी बदली कामगार म्हणून लागायचा. रोज गेटवर जायचं, कोणी रजेवर असला तर काम, नाहीतर परत. बदलीचे दिवस काढताना गाळ्यातले लोक त्याचं जेवणाचं बिल भरायचे. कोणी गावी निघाला की सगळ्यांच्या घरचे पैसे त्याच्याकडे. कोणी वारला तर गाळा खांदा द्यायचा. गावच्या शाळेची कौलं, देवळाचा गाभारा, विहिरीचा कठडा, असं पुष्कळ काही गाळ्याच्या वर्गणीतून झालेलं आहे. मी हे एवढं लांबवून सांगतोय, कारण काय तुटलं ते कळायला आधी काय होतं ते कळलं पाहिजे.

आणि खानावळ. गिरगावातल्या खानावळी वेगळ्या, पाटी लावलेल्या, तिथे कारकून जेवायचे. आमची खानावळ म्हणजे चाळीतली एक बाई, जी आपल्या एका खोलीत १५-२० जणांचं रांधायची. बऱ्याचदा तिचा नवरा गिरणीतच असायचा, नाहीतर वारलेला असायचा. पैसे पगार झाला की. तोपर्यंत वाण्याचं देणं तिच्या डोक्यावर. ह्या बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते तुम्ही ऐकलं असेल. ह्या बाईची गोष्ट मी पुढे सांगणार आहे.

आता संप. ८१ सालच्या दिवाळीला बोनसवरून खदखद झाली. कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. का गेले? कारण आमची मान्यता असलेली युनियन वेगळी होती आणि ती आम्हाला आमची वाटत नव्हती. इथे एक कायदा नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण त्यातून फुटलं आहे. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्या कायद्याप्रमाणे सबंध मुंबईच्या कापड धंद्यात एकच युनियन प्रातिनिधिक. ती म्हणजे परळच्या मजदूर मंझिलमधला राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकाशी बोलणार ती, करार करणार ती, तिने सही केली की ती अडीच लाखांची सही झाली. आणि ती प्रातिनिधिक आहे की नाही हे कशावरून ठरणार? वर्गणीच्या वहीवरून. कामगारांनी मतं टाकून नाही. आमच्या मागण्यांत पगारवाढ होती, बदलीवाल्यांना कायम करा ही होती, पण ह्या कायद्याविरुद्धची मागणी मालक-सरकारला सगळ्यांत जास्त टोचली असं माझं मत आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्या बंद पडल्या. भोंगे थांबले. ज्या लालबागेत भोंग्यावर दूध तापायचं तिथे पहिले आठ दिवस लोकांना वेळच कळेना.

पहिले तीन-चार महिने आम्ही खुशीत होतो. हे खरं सांगितलं पाहिजे. मोर्चे निघत होते, भारतमाता सिनेमासमोर माणसांचा समुद्र असायचा. बरेच कामगार गावी निघून गेले. म्हणाले, आंबे-फणस खाऊ, घराची शाकारणी करू, तोवर संप मिटेल. गावाहून तांदूळ, नाचणी गाळ्यात यायची. पाऊस पडला तशी माणसं लावणीला गेली. आणि पावसातच आमच्यात दोन भाग पडले. ते कोणी पाडले नाहीत, आपोआप पडले. ज्याला गावी जमीन होती तो संपात टिकला. ज्याला नव्हती तो मुंबईतच अडकला.

आमच्या गाळ्यात दोघं चुलतभाऊ होते. नावं घेत नाही, दोघंही जिवंत आहेत. थोरला आणि धाकटा म्हणू. एकत्र वाढलेले. धाकट्याला गिरणीत लावला थोरल्याने, साच्यावर हात बसवला थोरल्याने. धाकट्याचं लग्न झाल्यावर त्याने बायकोला मुंबईला आणलं आणि काळाचौकीला अर्धी खोली भाड्याने घेतली. तरी त्याची खुंटी गाळ्यात होतीच, आणि रोज संध्याकाळी तो गाळ्यात यायचाच.

थोरल्याची गावी भातशेती होती, तीन-साडेतीन एकर. धाकट्याची नव्हती. का नव्हती? बहिणीच्या लग्नात धाकट्याच्या बापाने आपला हिस्सा गहाण टाकला होता. कोणाकडे? थोरल्याच्या बापाकडे. तो पुन्हा सुटलाच नाही. भाऊबंदकीत असं होतं, त्यावरून त्यांचं कधी वाजलं नव्हतं. थोरला गिरणीत होता, धाकटा गिरणीत होता, पगार सारखा. जमीन कोणाची हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

संपाच्या सातव्या महिन्यात धाकट्याचं भाडं थकलेलं, बायकोच्या कानातलं गेलेलं, पोरगी आजारी. थोरला लावणी करून परत आला ते गाळ्यासाठी तांदळाचं पोतं घेऊन. सप्टेंबरात एका सकाळी धाकटा गेटवर गेला आणि आत गेला. तेव्हा आत जाणाऱ्यांना पोलीस बंदोबस्तात घेत होते. बाहेर आलं तर मार बसेल म्हणून कित्येकांना गिरणीतच ठेवत, तिथेच जेवण, तिथेच झोप. तो तीन आठवडे बाहेर आला नाही. त्याच दिवशी गाळ्यात बैठक झाली. त्याची ट्रंक ग्यालरीत काढून ठेवली. खुंटीवरचा सदरा ट्रंकेवर ठेवला. गावच्या मंडळाच्या वहीतून नाव कापलं. ट्रंक थोरल्याने स्वतः उचलली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. रागाने की मायेने, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी धाकट्याची आई गावी वारली. हा मुंबईहून पोचला तेव्हा भावकीतलं कोणी अंगणात आलं नाही. चार माणसं लागतात. शेजारच्या वाडीतली आली.

(मागून एकाने विचारले: मग फितुराला फितूर म्हणायचं नाही का? सगळे असेच आत गेले असते तर संप केला कशाला?)

बरोबर विचारलंत. हाच प्रश्न आम्हीही विचारायचो, आणि मोठ्याने विचारायचो. हे बघा, संप मोडायला आत जाणं हे नुकसान आहे. ते नुकसान नाही असं मी म्हणत नाही. पैसे घेऊन माणसं फोडणारे होते, गुंड घेऊन फिरणारे होते. मारहाण दोन्हीकडून झाली. पैसे घेऊन भाऊ विकणाऱ्याला मी आजही नमस्कार करत नाही. पण धाकटा त्यातला नव्हता. आणि आम्ही दोघांना एकाच शब्दाने मारलं. तुम्ही विचारा की तो आत का गेला. थोरला नऊ महिने टिकला तो कोणाच्या भातावर? त्यातला अर्धा भात धाकट्याच्या बापाच्या वावरातला होता. हे तेव्हा गाळ्यात कोणी बोललं नाही. थोरला निष्ठावंत ठरला आणि धाकटा गद्दार. दोघांच्या निष्ठेत फरक नव्हता, फरक साडेतीन एकरांचा होता. हे तुम्हाला, जमिनीसाठी लढणाऱ्यांना, मी वेगळं समजावून सांगायला नको.

जे धाकट्याचं तेच कितीतरी दलित कामगारांचं. गावी जमीन नाही, असली तर वतनाचा तुकडा. त्यांच्यातले अनेक जण टिकलेही, उपाशी राहून टिकले, ते विसरून चालणार नाही. पण ज्यांना टिकता आलं नाही त्यांना जातीवरून शिवी मिळाली. आणि ही जखम ८२ ची नाही, फार जुनी आहे. साच्यावर, म्हणजे मागावर काम करायचं तर पूर्वी धोट्याच्या भोकातून दोरा ओठांनी ओढून घ्यावा लागे. सवर्ण कामगार म्हणायचे, अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावू? म्हणून साचाखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्यांना घेत नसत. त्यांना रिंगखातं. मी स्वतः रिंगखात्यातला, मला ते माहीत आहे. १९२८ ला गिरण्यांचा मोठा संप झाला, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. सबंध गिरणगाव लाल बावट्याखाली होतं. तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, की एकी म्हणता, तर साचाखात्याचं दार उघडा. पुढच्या वर्षी पुन्हा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. आता कोणी म्हणेल बाबासाहेबांनी कामगारांची एकी मोडली. जो माणूस साच्यापाशी उभा राहू शकत नाही त्याला साचा बंद ठेवायला सांगायचं, ही कुठली एकी?

पण तीच माणसं पुढे एकत्र आली, हेही ऐका. १९३८ ला मुंबई सरकारने संपाला वेसण घालणारा कायदा आणला. त्याच्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. परळच्या कामगार मैदानावर सभा झाली. तिथे बाबासाहेब आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर होते. साच्याची दारं तोवरही नीट उघडली नव्हती. दहा वर्षांचं वाकडं संपलं नव्हतं. तरी आले. तुमच्या भागात ज्यांचं नाव अजून घेतात ते शामराव परुळेकर त्या काळात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षात होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि १९४५ ला गोदूताईंबरोबर इथे वारल्यांच्या लढ्यात उतरले. म्हणजे कामगार मैदान आणि तुमचं जंगल ह्यांची गाठ जुनी आहे. आणि ज्या १९४६ च्या कायद्याने आमचा संप बेकायदा ठरवला, तो कायदा ३८ च्या त्या कायद्याच्या जागी आलेला आहे. मैदानात उभं राहून ज्याला नको म्हटलं त्याचंच पुढचं पान.

त्या कायद्याकडे परत येतो. मी पुष्कळ विचार केला की आमचा राग आमच्याच माणसांवर एवढा का निघाला. मालक समोर दिसत नव्हता. तो मलबार हिलला. कायद्याने आम्हाला मत दिलं नव्हतं, तर आमचं मत दाखवायला एकच जागा उरली, गिरणीचा गेट. आत गेला तो त्यांचा, बाहेर राहिला तो आमचा. मधलं काही नाही. 'मी संपाच्या बाजूचा आहे पण माझ्या घरात दाणा नाही' असं म्हणायला जागाच नव्हती.

याची एक साक्ष देतो. ८४ च्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींची हत्या झालेली, देशभर काँग्रेसची लाट. त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईतून दत्ता सामंत अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. कामावर परत गेलेल्यांनी मतं दिली नसती तर आले असते का? धाकट्याने मला स्वतः सांगितलं, माझं मत डॉक्टरांनाच. ज्याला आम्ही दोन वर्षं गद्दार म्हणत होतो, त्याला जेव्हा पडद्यामागे एकट्याला मत मिळालं, तेव्हा त्याने काय केलं बघा. हे मत त्याला ८२ ला गिरणीत मिळालं असतं तर गेटवर चौकी बसवायची पाळी आली नसती.

आता मला वाटतं ती मुख्य गोष्ट. आमचा संप कधी मागे घेतलाच नाही. ८३ उजाडलं, गिरण्या एकेक करून कमी-जास्त चालू झाल्या, हजारो माणसं परत घेतली नाहीत, ऑक्टोबर ८३ ला सरकारने १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. पण अमुक तारखेला संप संपला असं कोणी जाहीर केलं नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता. आम्ही हरलो नाही, आम्ही मागे घेतला नाही. मी त्या अभिमानाला हसत नाही. पण त्याचा दुसरा परिणाम कोणाच्या लक्षात आला नाही. संप संपला असं ज्या दिवशी सांगतात, त्या दिवशी माणसं खाली बसतात. काय झालं, कोणाचं काय चुकलं, कोणाला काय सोसावं लागलं, हे बोलतात. शिव्या देतात, रडतात, चहा पितात. तो दिवस आम्हाला मिळालाच नाही. संप चालूच राहिला, म्हणून फितूर हा फितूरच राहिला. कागदावर आजही संप चालू आहे, आणि थोरला-धाकटा आजही बोलत नाहीत. १६ जानेवारी १९९७ ला डॉक्टरांचा खून झाला. अंत्ययात्रेला दोघेही होते. मी दोघांनाही पाहिलं. एक पुढच्या गर्दीत, एक मागच्या.

त्या दोघांची नोकरी? थोरल्याला परत घेतलं नाही. धाकट्याला घेतलं, साच्यावर नाही, खालच्या कामावर. पाच-सहा वर्षांनी ती गिरणीच बंद पडली. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांची कथा तीच. दोघांची ग्रॅच्युइटी अडकली. १९८९ ला बंद गिरणी कामगार संघर्ष समिती झाली, मी तिच्या कामात असतो. आमच्याकडे फॉर्म भरायला दोघे येतात. एक सकाळी आला की दुसरा दुपारी येतो. आम्ही आता तसंच बोलावतो.

आणि गिरणीच्या जमिनीचं चाललंय ते तुम्हाला कळायला हवं. गिरणगावात गिरण्यांची मिळून ६०० एकरांच्या आसपास जमीन होती. आता सोन्याच्या भावाची. १९९१ ला सरकारने नियम केला, की जमीन विकायची तर साधारण एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. तो पाळला जातो की नाही यावर आमचं सगळं आंदोलन होतं. मालकांना माहीत आहे की अडीच लाखांची युनियन आता नाही. आत गेलेला आणि बाहेर राहिलेला एका मोर्चात यायला तयार नाही, हे मालकांना आमच्यापेक्षा आधी कळलं. आम्ही मोर्चाला हाक देतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, तो येणार आहे का? मग मी नाही येत.

खानावळवालीचं सांगायचं राहिलं. आमच्या चाळीतल्या बाईचे १८ ग्राहक होते. त्यांतले सात कामावर गेले, अकरा नाही. अकरा जणांनी येऊन सांगितलं, मावशी, त्यांना जेवण बंद कर, नाहीतर आम्ही येणार नाही. ती म्हणाली, तुमच्या अकरा जणांची आठ महिन्यांची उधारी आहे, ती देता? कोणी बोलेना. मग म्हणाली, त्या सातांचा पगार आला तर त्यातून वाण्याचं देते आणि त्याच तांदळात तुम्हाला घालते. जेवायचं तर दोन वेळा करा, ते सातला, तुम्ही आठला. पण चूल एकच राहील. आणि राहिली. गिरणगावात त्या दोन वर्षांत दोन्हीकडच्या माणसांची खबर एकमेकांना कळायची ती फक्त अशा बायांकडून. कोणाचं पोर आजारी आहे, कोणाला पोलिसांनी नेलं. पुढाऱ्यांपैकी कोणाला हे सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं.

(एका बाईने विचारले: आमच्याबद्दल काय ते सांगा.)

सांगतो, बाई. काल रात्री जेवणानंतर जी चर्चा झाली ती मी ऐकली. वनखात्याच्या समितीच्या कागदावर तीन घरांनी अंगठे दिले. प्लॉट सोडतो असं त्यात लिहिलं आहे म्हणतात. त्याबदल्यात रोपवाटिकेवर मजुरी. तेव्हापासून त्या तीन घरांना लग्नाला बोलावत नाहीत, लावणीच्या वेळी त्यांच्या शेतावर कोणी जात नाही. उद्याच्या सभेत त्यांना पाड्याबाहेर काढायचा ठराव येणार आहे. मी पाहुणा आहे, मला मत नाही. पण मी काल दोन-चार जणांना एक साधी गोष्ट विचारली. त्या तीन घरांकडे प्लॉट किती? एक म्हातारी विधवा, तिचा प्लॉट दोन वर्षांपूर्वीच खात्याने चर खणून सागाखाली घेतला. तो वाचवायला कोणी गेलं नव्हतं असं मला सांगितलं, खरं-खोटं तुम्ही बघा. दुसऱ्याचा बैल मेला, त्याची नांगरणी राहिली. तिसऱ्याकडे प्लॉट चांगला आहे, तरी त्याने अंगठा दिला. म्हणजे तीन घरं, तीन कारणं. शब्द मात्र एकच लावला आहे.

आणखी एक. तुमचे प्लॉट मोजायला येतील तेव्हा बांधाला बांध लागून कोण आहे? म्हातारीचा नवरा जिवंत असताना त्याच उतारावर शेती करत होता. कोण कधीपासून कसतंय हे तिला तोंडपाठ आहे. दंडाच्या जुन्या पावत्या तिच्या डब्यात असतील. त्या डब्याला तुम्ही उद्या ठरावाने बाहेर काढणार.

मला जे सुचतं ते सांगतो, पटलं तर घ्या. उद्या ठराव घेऊ नका. आधी त्या तिघांना बोलू द्या, आणि बोलताना कोणी मधे बोलायचं नाही. मग मत घ्या, पण हात वर करून नको. हात वर केला की कोण कोणाच्या बाजूचा ते दिसतं आणि तेच पुढे वर्षभर पुरतं. दोन मडकी ठेवा, पुढे एक चादर धरा, प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका द्या. बायांनाही द्या. आणि काहीही ठरलं तरी तारीख घाला. अंगठा अमुक दिवसापर्यंत मागे घेतला तर त्या दिवसापासून लग्नाला, लावणीला सगळं पूर्ववत. तारखेशिवाय शिक्षा देऊ नका. ज्याचा बैल मेला त्याची नांगरणी कोण करणार हेही त्याच बैठकीत ठरवा, नाहीतर अंगठा मागे घेऊन तो खाणार काय? प्लॉट चांगला असून ज्याने अंगठा दिला त्याचं मला माहीत नाही. त्याला विचारा.

जेवणाला अजून अर्धा तास आहे असं भाकऱ्या भाजणाऱ्या बाया म्हणतायत. म्हातारीचा पाडा इथून फर्लांगभर आहे. दोन बाया जाऊन तिला घेऊन आल्या तर बरं होईल. डबा बरोबर घेऊन ये म्हणावं.